डावी पाकळी

पेडणे,
मंगळवार, १८ मार्च २०२५

प्रिय निहार,

सप्रेम नमस्कार. प्राजक्तावहिनींनाही नमस्कार सांग, आणि सेजलला माझा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. शिगमो परवाच संपला. ढोल वाजवून माझा खांदा असा धरलाय की आरती ओवाळताना दुसऱ्या हाताचा टेकू द्यावा लागतो. सोनाली म्हणते, चाळिशी उलटली, आता ढोल पोरांकडे द्या आणि गप्प बसा. काजू यंदा बेताचेच, मोहोर बरा होता पण मध्येच मळभ आलं. तुमच्या घराच्या पडवीत मी आठवड्यातून एकदा झाडू मारून येतो. तुळशीला पाणी रोज घालतो.

शाईने लिहिलेलं माझं पत्र बघून तू हसला असशील. शाळेत माझे निबंध तूच लिहायचास. पण हे व्हॉट्सॲपवर जमेना. चार दिवस लिहितोय आणि पुसतोय. तुला तिकडे 'टायपिंग' असं दिसत असेल आणि मग काहीच येत नसेल. प्रशांत गुरुवारी मोपा विमानतळावरून तुमच्याकडे यायला निघतोय, त्याच्या हातात हे देतो. पाकीट चिकटवलंय. तो फोडणारा नाही, तरी चिकटवलंय.

तुझा निरोप मिळाला. केनबाबच्या जुन्या क्लबने सेजलला मुलींच्या अकादमीत घेतलं, ही बातमी मी देवळात उभा राहून वाचली आणि हातातलं निरांजन खाली ठेवलं. म्हातारा काठी टेकत तिची मॅच बघायला आला, हेही वाचलं. जूनमध्ये शाळा संपली की तिथेच राहायचं, कॉलेजही तिथेच. वहिनींना सोळा वर्षांची पोर इतकी लांब ठेवायची भीती वाटते, आणि तुझंही मन धजत नाही. ३१ तारखेपर्यंत कळवायचंय.

पुढे तू लिहिलंस, 'देवाने मला एकदा नाही म्हटलं होतं. मुलीला काय म्हणतो ते सोमवारी प्रसादाच्या पाकळ्या लावून कौल विचार. उजवी पाकळी पडली तर पाठवतो. डावी पडली तर विषय संपला. तुझ्या हातचा प्रसाद खोटा ठरत नाही.'

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

जरा केनबाबबद्दल बोलू दे. तुला वाटेल, हा मुद्द्यावर का येत नाही. येतो.

त्या माणसाची मला फार आठवण येते. इंग्लंडमध्ये चौदा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये मधल्या फळीत खेळला, गुडघा गेला, मग पोरांचा कोच झाला. एका थंडीत हरमलला समुद्र बघायला म्हणून आला आणि शेवंतीमावशीच्या मागच्या खोलीत वीस हिवाळे काढले. कापलेल्या भाताच्या खुंटांवर आपण अनवाणी खेळत होतो आणि हा बांधावर बसून पाव खात बघत होता. तिसऱ्या दिवशी उठून आत आला. पहिला धडा काय, तर चेंडू पायात यायच्या आधी मान वर करायची. "पयलीं पळय, मागीर दी." आधी बघ, मग दे. कोकणीतली त्याची एवढीच दोन वाक्यं आपल्याला पुरली.

एकदा मी त्याला विचारलं होतं, बाब, तुम्ही एकूण गोल किती मारले. म्हणाला, अकरा. मी हसलो. तर म्हणाला, मी दुसऱ्यांकडून किती मारून घेतले ते विचार, ते कोणी लिहून ठेवत नाही, पण ज्यांनी मारले त्यांना माहीत आहे. तुझ्याकडे बघत म्हणाला. तूही तसलाच. मी पुढे धावायचो आणि तू न बघता चेंडू टाकायचास, कारण मी तिथे असणार हे तुला ठाऊक असायचं. तालुक्यात लोक मला गोल मारणारा सगुण म्हणायचे. त्यातला अर्धा तरी मान तुझा होता, पण तू कधी मागितला नाहीस.

मग जानेवारीत केनबाबच्या क्लबचं ते पत्र आलं. तीन महिन्यांची ट्रायल. एकट्या तुझी.

शांताकाकी देवाला विचारल्याशिवाय भाजीसुद्धा बदलायची नाही, तर झिलाला, म्हणजे तुला, परदेशी कशी पाठवणार. सोमवारी प्रसाद लावायचं ठरलं. तुला आठवत असेल, त्या दिवशी माझे बाबा तापाने फणफणले होते, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा प्रसाद मी लावला. बाबांनी अंथरुणातून एवढंच सांगितलं, "प्रसाद लायतना हात तुजो न्हय रे. हात देवाचो."

निहार, त्या दिवशी हात माझाच होता.

गाऱ्हाणं घातलं. दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. उजवी नीट दाबून चिकटवली. डावी लावायच्या आधी देवाचा डावा खांदा पंच्याच्या टोकाने कोरडा पुसला आणि पाकळी नुसती टेकवली. गाभाऱ्यात अंधार होता, तुम्ही दोघं उंबऱ्याबाहेर हात जोडून होता. समईत दोनदा तेल घालण्याइतकाही वेळ गेला नाही. डावी पडली.

तुझी आई बाहेरून म्हणाली, "सगुणा, खंयची पडली रे?" मी म्हटलं, डावी. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बरां झालां. देवान माझ्या झिलाक राखल्यान." तू देवाला नमस्कार केलास, मलाही केलास, आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला आलास. त्या दिवशीही मला पास दिलास.

का केलं, याची कारणं मी वर्षानुवर्षं जमवली आहेत. तू गेलास तर टीम मोडेल, हे एक. काकी एकटी पडेल, हे दुसरं. ही दोन्ही लोकांना सांगण्यासारखी आहेत, म्हणून मी ती स्वतःला सांगत राहिलो. खरं एवढंच की पत्रावर नाव तुझं होतं आणि माझं नव्हतं. मत्सर वाटला. आणि त्याहून जास्त भीती वाटली. तू नसताना मी गोल मारू शकत नाही हे सगळ्या तालुक्याला कळेल, ही भीती. ते तसंही कळलंच. त्यानंतरच्या मोसमात मी चार गोल मारले, तेही तुझ्याच पासांवर.

त्यानंतरचं तुझं आयुष्य मी जवळून बघितलं. मुळगावच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवलास, डोळ्यांच्या कडा लाल मातीने भरून घरी यायचास. खाणी बंद पडल्यावर पोर्तुगीज पासपोर्टचे कागद करून इंग्लंडला गेलास, गोदामात खोके उचललेस. शनिवारी तिथल्या पोरांना मान वर करायला शिकवतोस, त्याचे व्हिडिओ पाठवतोस. मी ते आवाज बंद करून बघतो. तुझा आवाज ऐकला की मला शेत दिसतं. काकी गेली तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी होतो. तेव्हा सांगू शकलो असतो. तिने माझा हात धरून ठेवला होता, आणि मी त्या हाताबद्दल काही बोललो नाही.

केनबाबला माहीत होतं. कसं, ते विचारू नकोस. मधल्या फळीतल्या माणसाला पाठीमागचंही दिसतं. कायमचा परत जाताना टॅक्सीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "सगुण, तूं पळयता, पूण दिना." बघतोस, पण देत नाहीस. मी हसून हात हलवला. टॅक्सी वळणाआड गेल्यावरही मी रस्त्यातच उभा होतो, ते सोनालीने बघितलं. त्या रात्री तिला सांगितलं. ती मग म्हणाली, मला नको, निहारला सांगा.

काल सोमवार होता. सेजलसाठी प्रसाद मी लावला नाही. मी माझा प्रश्न विचारला. निहारला सांगू की नको? दोन्ही बाजू सारख्या पुसल्या, दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या, आणि मागे सरून बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. दर्शनाला आलेली माणसं विचारून गेली, कोणाचा प्रसाद आहे. सोनाली दोनदा जेवायला बोलावून गेली. उन्हं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली तरी दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मी उठलो आणि दोन्ही माझ्या हाताने काढल्या. असं करत नाहीत. पण देव तरी किती वेळ बसेल, ज्याचं उत्तर मला एकवीस वर्षं माहीत आहे त्यावर.

म्हणून हे लिहिलं.

आता सेजलचं. देवाने तुला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याला कोणी धड विचारलंच नाही. एवढं मनातून काढून टाक आणि मग तू, वहिनी आणि पोर मिळून ठरवा. तरीही प्रसाद लावायचाच असेल तर माझा चुलतभाऊ अक्षय लावील. पाडव्यापासून पूजा मी त्याच्याकडे देतोय. वाड्यावरच्या लोकांना सांगितलं, खांदा दुखतो. खरं कारण सांगायचं की नाही ते तू ठरव. तू सांग म्हणालास तर देवळाच्या चौकात उभा राहून सांगेन.

माझं मत विचारशील तर, पाठव तिला. मी तिचा व्हिडिओ बघितलाय. चेंडू यायच्या आधी मान वर करते.

माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो. तुझं उत्तर आलं नाही तरी तुळशीला पाणी घालीन. उत्तर आलं तर, ते कसंही असो, तुझ्या पडवीत बसून वाचीन.

तू न बघता चेंडू टाकायचास आणि मी तिथे असायचो. फक्त त्या एका सकाळी नव्हतो.

तुझा
सगुण