शिडी कुणाच्या वाट्याला

सोमवार, ३ मार्च

चालू झालं का हे? नातीने फोनमध्ये काहीतरी करून दिलंय — मी बोलायचं, तो लिहिणार. जन्मात अक्षराला शिवले नाही, आणि गुडघा बदलल्यावर रोजनिशी! गुडघा नवा, लेखनिक नवा, मीच तेवढी जुनी.

शेजारच्या खाटेवरची बाई सदा पडदा ओढून पडलेली. मी तिला नाव ठेवलंय — फणस. वरून नुसते काटे. आत गरे असतील तर मला अजून दिसले नाहीत. तिचं कानाचं यंत्र आमच्या मधल्या टेबलावर काढून ठेवलेलं असतं, म्हणून मी बिनधास्त बोलते. नर्सबायकाही तिच्याशी ओरडूनच बोलतात.

मंगळवार, ४ मार्च

आज नवी नर्स आली — काय बाई आहे! काळीभोर, तुकतुकीत, आणि उंच म्हणजे किती? पडद्याची वरची कडी स्टुलाशिवाय काढते! मी लगेच नाव ठेवलं, शिडी. म्हटलं, “तुला नवरा शोधताना तुझ्या आईने छपरावर चढून पाहिलं असेल.”

म्हणाली, “आजी, आमच्या गावात मला बुटकी म्हणतात.”

जमलं आमचं! कुठल्याशा लांबच्या देशातून आलीय. भाषा शिकली ती रोग्यांकडून, म्हणून तिला “दुखतंय का?” आधी आलं आणि “कशा आहात?” मागाहून.

बुधवार, ५ मार्च

फणस बोलली. शिडी पट्टी बदलायला गेली, तर पडद्याआडून — “ही नको. हिचा हात नको. दुसरी पाठवा.”

दाराशी एक पांढरा फळा आहे. त्यावर खाटा काढल्यात आणि प्रत्येक नर्सचं एकेक रंगीत चुंबक. मला वाचता येत नाही, पण रंग कळतात ना! शिडीचं हिरवं. मोठ्या सिस्टर आल्या, फणसाच्या खाटेवरचं हिरवं उचललं, तिथे पांढरं लावलं. “जरा ॲडजस्ट करू या,” म्हणाल्या. शिडी ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे गेली.

पांढरं चुंबक कापसाचं. कापूस म्हणजे दुसरी नर्स, टिचकी मारली तर लाल होईल इतकी गोरी. ती तर शिडीपेक्षाही लांबून आलीय, पण तिला कुणी “तुमच्याकडे कसं असतं” म्हणून विचारत नाही. तिच्यावर एक खाट वाढली. आणि गंमत बघा — ती चिडली कुणावर? फणसावर नाही, शिडीवर! “हिच्यामुळे दर वेळी मलाच धावावं लागतं.”

दर वेळी! म्हणजे हे नेहमीचंच आहे.

गुरुवार, ६ मार्च

वॉकर घेऊन चालताना शिडीला बोलतं केलं. नोकरी अजून कच्ची आहे. येत्या बुधवारी साहेब येणार आणि ठरवणार. “रोगी हिला नको म्हणतात” एवढं त्यांच्या कानावर गेलं की पेटी भरायची.

“आणि पक्की झाली तर?”

“तर मुलीला आणता येईल. ती माझ्या आईकडे आहे. गेली तीन वर्षं मी तिला फोनवर झोपवते, आजी.”

मी पुढे चालत राहिले. गुडघा दुखत होता असं सांगितलं.

शुक्रवार, ७ मार्च

सुचलं! सुचलं! रोग्याला नर्स निवडता येते ना? मग निवडू की आम्हीही!

वॉकर ढकलत सगळ्या खाटांवरून फिरून आले. फिजिओ म्हणाला, “आजी, आज काय अंगात आलंय का?” म्हटलं, “तूच चाला म्हणालास ना बाबा!” कोपऱ्यातल्या मास्तरीणबाई तर एका पायावर तयार झाल्या. दुसरा पाय प्लास्टरातच आहे.

शनिवार, ८ मार्च

काय मजा आली! सकाळी कापूस आली. मी म्हटलं, “मला शिडीच हवी.” मास्तरीणबाई — “मलाही.” पलीकडची — “मला तर तीच.” एकेका खाटेवर हिरवं! एक चुंबक आणि आठ खाटा. मोठ्या सिस्टर ते नुसत्या इकडून तिकडे सरकवतायत.

शेवटी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. “आजी, हे काय हॉटेल आहे?”

“मग शेजारच्या बाईंना मेनूकार्ड कुणी दिलं?”

मास्तरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

रविवार, ९ मार्च

शिडी माझ्या खाटेशी आली. घामाघूम. हसली नाही.

“आजी, काल आठही खाटा मी केल्या. बाकीच्या बसून होत्या. आता म्हणतात, हिला डोक्यावर चढवून ठेवलंय. मला विचारलंत का?”

मी म्हटलं, “अगं, तुझ्यासाठीच...”

“मला नकोशी नाही व्हायचं, तशी लाडकीही नाही व्हायचं. सकाळी यावं, वाट्याला येतील त्या खाटा कराव्यात, घरी जावं. सगळ्यांसारखी.”

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

सोमवार, १० मार्च

मोठ्या सिस्टर जाम वैतागलेल्या. फळा पुसला, चुंबकं ओंजळीत घेतली, डोळे मिटून लावली. “आजपासून निवडानिवड बंद! ज्याच्या वाट्याला जी येईल ती.”

मला कापूस. आणि हिरवं गेलं... फणसाकडे! सगळा वॉर्ड मान वर करून बघतोय. आतून आवाज — “बुधवारी मुलगा येऊ दे. साहेबांसमोरच सांगते काय ते.”

मेले! बुधवारीच शिडीचं ठरायचंय!

शिडी पट्टीचा ट्रे घेऊन पडद्याआड गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तोंडावरून काही कळेना.

मंगळवार, ११ मार्च

कापसाचा हात हलका आहे. हे शिडीला सांगणार नाही.

बुधवार, १२ मार्च

साहेब आले. फणसाचा मुलगा बूट वाजवत आला. मोठ्या सिस्टर घसा खाकरून ओरडल्या, “बाई, काही तक्रार?”

मी चादर मुठीत धरलेली.

फणस म्हणाली, “आहे. माझी पट्टी सारखी वेगळी माणसं बदलतात. ही उंच आहे ना, हीच राहू दे. नाही जमलं, तर हिने शिकवलेली दुसरी द्या.”

मुलगा बघतच राहिला! दुपारी कळलं — शिडी पक्की! कापसाने तिला मिठी मारली; डोकं जेमतेम तिच्या कोपरापर्यंत पोचलं. मी मास्तरीणबाईंना डोळा मारला. शेवटी डोकं कुणाचं? माझंच!

गुरुवार, १३ मार्च

आज घरी. पिशवी भरत होते, तर शेजारचा पडदा सरकला. पहिल्यांदाच. फणसाने हळूच म्हटलं, “आजी, कानाची यंत्रं दोन असतात. टेबलावरचं पलीकडच्या कानाचं, उशीला टोचतं म्हणून काढते. तुमच्या बाजूचं कायम कानातच असतं.”

म्हणजे मी या फोनला सांगितलेलं सगळं? पहिल्या दिवसापासून? फोनवरची मुलगीसुद्धा?

“रविवारी ती तुम्हाला जे बोलली, तेही.” मग उशी सारखी करत म्हणाली, “आणि गरे असतात हो. चीक आधी लागतो, एवढंच.”