नाकातलं शिसं

राजा,

ही चिठ्ठी शिशाच्या ज्या दोन वड्यांखाली आहे, त्या तुझ्या लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या नाकातल्या. रविवारी सकाळी टेबल पुसताना मीच काढल्या. महिनाभर तू बाल्साचं हलकं लाकूड घासून गुंजगुंज वजन कमी करत होतास, फायबरग्लासचा थरही एकच दिलास. मला वाटलं, एवढं जड शिसं चुकून राहिलंय. तेवढाच आपला हातभार. त्यानंच विमानाचा तोल राहतो, हे मला काल तुझी वही वाचून कळलं.

म्हणजे त्या दिवशी विमान काकांच्या तोंडावर आदळून डोळा फुटला तो माझ्यामुळे. रिमोटवर तुझा हात चुकला नव्हता. चार दिवस काकू म्हणतेय, "तुझा डोळा काढून दे त्यांना," आणि तू खाली मान घालून ऐकतोयस.

कीर्तनात खरेपणाच्या गोष्टीला मान डोलावणं सोपं असतं रे. आज पाय उचलत नाहीत. तरी दवाखान्यात जातेय. दुपारी काकांचा डोळा काढणार आहेत. त्याआधी, ते शुद्धीवर असतानाच सांगते.

जेवण झाकून ठेवलंय. मागोमाग येऊ नकोस. तू समोर दिसलास की काकू तुलाच बोलेल, आणि तू परत ऐकून घेशील.

आई