कराआधीच्या वीस बाटल्या

शनिवार, ८ ऑगस्ट

परत खोटं बोललो. तोंडावर. चहा ओतता ओतता!

दवाखान्याचं पत्र आलं. २९ सप्टेंबरला माझी आणि बायकोची तपासणी. लघवीत निकोटिन सापडलं, तिच्या किंवा माझ्या, कोणाच्याही, तर आयव्हीएफच्या यादीतून नाव बाद. सरकारी खर्चातला हा आमचा शेवटचा प्रयत्न. स्वतःच्या खर्चाने करायचं तर घर विकावं लागेल, आणि घर तरी कुठे आपलं आहे! पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत: व्हेप, म्हणजे वाफेची सिगरेटसुद्धा चालणार नाही.

कोरिनने पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तुझं तर जानेवारीतच सुटलंय ना?"

"केव्हाच!" मी म्हणालो.

व्हेप खिशातच होता. दहा मिनिटांपूर्वी मागच्या बोळात जाऊन ओढून आलो होतो. मग टोस्टला लोणी लावत बसलो, जणू काही झालंच नाही.

रविवार, ९ ऑगस्ट

निकोटिन अंगातून जायला आठ-दहा दिवस लागतात म्हणे. म्हणजे १५ सप्टेंबरला सोडलं तरी भागेल. तोवर गुपचूप. चौदा वर्षं सिगरेट ओढली, मग सहा वर्षं ही वाफ. आणखी पाच आठवड्यांनी काय बिघडतंय?

१५ तारीख. नक्की. लिहून ठेवलं.

गुरुवार, १३ ऑगस्ट

कारखाना सुटल्यावर मँडीच्या व्हेपच्या दुकानात गेलो तर रांग थेट चिप्सवाल्याच्या दारापर्यंत! १ ऑक्टोबरपासून व्हेपच्या रसावर कर बसतोय. निकोटिन असो वा नसो, मिलीलिटरवर मोजून. आजची मोठी बाटली तेव्हा दुपटीहून महाग. लोक पिशव्या भरभरून नेत होते.

मँडी काउंटरमागून ओरडत होती, "सिगरेट सोडा नि वाफ घ्या, हे सांगितलं कोणी? ह्या सरकारनेच ना? आता वाफेवर कर! उद्या श्वासाला मीटर बसवतील!"

माझ्यापुढे एक म्हातारी होती, तिचा नंबर लागला होता. ती वळून म्हणाली, "बसवू देत. माझी नात तेरा वर्षांची आहे. उशीखाली व्हेप सापडला तिच्या. महाग झालं तर ती तरी सोडेल."

"मग तुम्ही काय घ्यायला आलात, आजी?"

"माझं वेगळं आहे," म्हातारी म्हणाली आणि सहा बाटल्या घेऊन गेली.

मी वीस मोठ्या बाटल्या घेतल्या. व्हॅनिला कस्टर्ड. शिवाय निकोटिनच्या छोट्या कुप्यांचा एक अख्खा खोका. मोठ्या बाटलीत नुसता चवीचा रस असतो, निकोटिन वेगळं आणून आपणच ओतायचं. कायदाच तसा आहे इथला. एका बाटलीत दोन कुप्या.

घरी येताना गाडीत एकटाच हसलो. महिन्याभरात सोडणारा माणूस वर्षाचा साठा घेऊन चाललाय! मला कळतंय हे काय आहे. मूर्ख नाही मी. फक्त स्वतःवर भरवसा नाही.

रविवार, १६ ऑगस्ट

आज पंचाईतच झाली होती!

सगळा माल भाजीसाठी भाड्याने घेतलेल्या मळ्यावरच्या शेडमध्ये नेला. घरी ठेवायची सोय नाही, आणि कोरिन मळ्यावर फिरकत नाही. तिला गोगलगाईंची किळस. बाकावर वीस बाटल्या मांडल्या, टोपणं काढली, कुप्यांचा खोका उघडला, आणि फाटकाशी तिची हाक! "डेल! आहेस का रे?"

खोका रंगाच्या डब्यांमागे. भराभर टोपणं लावून बाटल्या बटाट्याच्या गोणपाटाखाली. ती आत आली तेव्हा मी हातात रिकामी कुंडी धरून उभा. बेकन सँडविच घेऊन आली होती. कधी नाही ती!

"कसला गोड वास येतोय?"

"नवीन खत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कुंडीकडे. "बरं," म्हणाली. बाहेर उलट्या बादलीवर बसली, माझ्या कांद्याच्या पातींना छान म्हणाली. आणखी दहा मिनिटं बसली. मग गेली.

ती गेल्यावर तासभर एकेक बाटली हलवत बसलो. दंड भरून आले. आता दोन आठवडे अंधारात. लोणच्यासारखं मुरावं लागतं हे, तेव्हा कुठे चव उतरते. तोवर जुनी संपवायची आहे.

सोमवार, ३१ ऑगस्ट

सुट्टी. नवा माल काढला. चव झकास! घशाला मात्र नेहमीचा चटका बसत नाही. मुरल्यामुळे मऊ झालं असावं.

बुधवार, २ सप्टेंबर

डोकं ठणकतंय. पावसाळी हवा.

गुरुवार, ३ सप्टेंबर

कारखान्यातल्या रॉजवर खेकसलो. कारवाँच्या, म्हणजे आम्ही बनवतो त्या चाकांवरच्या घराच्या, दाराला त्याने बिजागरी उलटी बसवली, मी इतका ओरडलो की अख्खी लाइन थांबली. रॉज माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. तो शांतपणे म्हणाला, "राजा, जेवलास का?" लाज वाटली.

जेवलो होतो. दोन वेळा. बटाट्याची पॅटी, चिप्स, वरून इथला तो लाल मसाला, मग रॉजच्या डब्यातला केकही.

शनिवार, ५ सप्टेंबर

मँडीने मालात पाणी घातलंय की काय! दिवसाला व्हेपच्या दोन टाक्या ओढतो तरी समाधान नाही. झोप नाही. फ्लू असेल.

रविवार, ६ सप्टेंबर

टीव्हीवर एक कुत्रा हरवतो आणि सापडतो. मी रडलो. कोरिन बघतच राहिली.

मंगळवार, १५ सप्टेंबर

आज सोडायचं होतं.

नाही सोडलं. डोकं आत्ता कुठे थांबलंय, त्यात हे कुठे? २० तारखेला सोडतो. नऊ दिवस मिळतील. पुरेत.

रविवार, २० सप्टेंबर

नाही सोडलं.

मंगळवार, २२ सप्टेंबर

व्हेप घरी विसरलो! कारखान्यात दुपारी लक्षात आलं. सहा वर्षांत असं कधी झालं नाही. किल्ल्या विसरलोय, पाकीट विसरलोय, एकदा कोरिनच्या आईला स्टेशनवर विसरलोय. हे कधीच नाही.

काही झालंही नाही. संध्याकाळपर्यंत तसाच काढला. घरी आल्यावर घेतला म्हणा, पण सवयीने.

पण तपासणीला उरले सात दिवस. आज बंद केलं तरी उशीर झालाय. निकोटिन निघणार म्हणजे निघणार.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

न राहवून रॉजला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, गोदामामागे. त्याने ऐकून घेतलं, सिगरेट पेटवली.

"मूत हवंय ना स्वच्छ? माझं ने."

"अरे, दिवसाला वीस ओढतोस तू!"

"हां. ते राहिलंच." मग म्हणाला, "बायकोला सांगून टाक."

"काय सांगू? तुझं शेवटचं मूल मी कस्टर्डच्या वाफेपायी घालवलं म्हणून?"

रॉजने सिगरेट बुटाखाली विझवली. आमचं काय काय झालंय ते त्याला माहीत आहे. दोनदा कोरिनला दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भ पडला. दुसऱ्या वेळी चार महिने झाले होते. त्यानंतरचा आयव्हीएफ रुजलाच नाही. दर वेळी तिच्या पोटाला सुया, आणि दर वेळी मी खुर्चीवर बसून तिचा कोट सांभाळणार. माझ्या वाट्याला एकच काम आलं होतं. एक! आणि तेही मला जमलं नाही.

सोमवार, २८ सप्टेंबर

सांगणार होतो. जेवताना. तिने विचारलं, "आणखी मटार घेशील?" मी म्हणालो, "घेईन."

मंगळवार, २९ सप्टेंबर

काय लिहू! कसं लिहू!

सकाळी गाडीने निघालो. ती खिडकीबाहेर बघत होती, मी सिग्नलला शिव्या देत होतो. दवाखान्यात दोघांना एकेक प्लॅस्टिकचा पेला दिला. मला होईचना! नळ सोडला, शीळ वाजवली, मग झाली. नर्सने पट्ट्या बुडवल्या. पाच मिनिटं थांबा म्हणाली. भिंतीवर गोबऱ्या बाळांचे फोटो. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. मनात म्हणत होतो, आता नर्स तोंड वाकडं करणार, आता कोरिन माझ्याकडे वळणार, आणि तो चेहरा मला मरेपर्यंत दिसणार.

नर्स आली. "दोघंही स्वच्छ. शाबास! व्हेप सोडणं सोपं नसतं, मिस्टर. सिगरेटपेक्षा अवघड जातं कित्येकांना."

मी म्हणालो, "कोण? मी?"

"तुम्हीच."

खुर्चीचा हात धरला. नर्सला वाटलं आनंदाने. आनंद होताच! पण खरं सांगायचं तर बाप होण्याचा नव्हता. पकडला गेलो नाही, ह्याचा होता. अंगावरून ट्रक जावा आणि उठून बघावं तर खरचटलंही नाही, तसं झालं.

कोरिनला मिठी मारली. तिने पाठीवर थोपटलं. "छान," म्हणाली. मग बाथरूमला गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी गाडी आणून दारात उभी केली तरी आली नव्हती.

पण स्वच्छ कसा?? काल संध्याकाळीसुद्धा ओढली आहे मी!

बुधवार, ३० सप्टेंबर

सापडलं!!

कामावरून थेट मळ्यावर. बाटल्या बघितल्या, हुंगल्या, काही कळेना. मग रंगाचे डबे सरकवले. मागे खोका. उघडा, पण भरलेला. चाळीसच्या चाळीस कुप्या, एकीचंही सील तुटलेलं नाही.

ओतल्याच नव्हत्या! त्या दिवशी कोरिनची हाक आली, मी खोका लपवला आणि टोपणं लावली. ती गेल्यावर टोपणं लावलेली बघून समजलो की काम झालं. आणि तासभर, शहाण्यासारखा, नुसता कस्टर्डचा रस हलवत बसलो!

म्हणजे महिनाभर मी काहीच ओढत नव्हतो. नुसती गोड वाफ! ती डोकेदुखी, रॉजवर ओरडणं, तो कुत्रा — फ्लू नव्हता. सुटत होतं ते. माझं मला न कळता सुटलं. वीस वर्षांची जळू कधी गळून पडली, पत्तासुद्धा लागला नाही!

बादलीवर बसून पोट धरून हसलो. शेजारच्या तुकड्यावरच्या म्हाताऱ्याने कोबीतून मान वर केली, "काय झालं रे?" "काही नाही! सगळं छान आहे!"

गंमत म्हणजे, कळल्याबरोबर तलफ आली. सणसणीत! एक कुपी हातात घेतली होती. पाचेक मिनिटं तशीच धरली. मग ठेवली.

गुरुवार, १ ऑक्टोबर

कर लागू झाला. मँडीच्या दुकानात चिटपाखरू नाही. कुप्यांचा खोका तिच्यापुढे ठेवला, म्हटलं, परत घे, पैसे नकोत.

"का रे, वेडबिड लागलं?"

"सुटलं माझं."

"कशाने? च्युइंगगमने?"

"विसरून."

ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मग म्हणाली, "हे कोणाला सांगू नकोस हां. धंदा बसेल माझा." आणि काउंटरवरून वाकून गालाचा मुका घेतला. तिची आई फुप्फुसाच्या आजाराने गेली, हे मला तेव्हा आठवलं.

मोठ्या बाटल्या रॉजला दिल्या. आत काही नाही, हे सांगून दिल्या. तो म्हणाला, "मग मी काय करू ह्यांचं? पुडिंगवर ओतू?" पण नेल्या. बहुतेक प्रयत्न करून बघेल.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

सगळं इतकं हलकं वाटतंय की भीती वाटते. जिना चढलो आणि दम लागला नाही. जेवणाला चव आहे. एकच टोचतंय. तिला माहीत नाही. मी स्वच्छ निघालो तो चुकून. खोटं बोललो ते मात्र मुद्दाम, जानेवारीपासून रोज. अशाने बाप व्हायचं नाही. उद्या सांगतो. मटार असोत की नसोत.

शनिवार, ३ ऑक्टोबर

सांगितलं. सगळं. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. मार्चपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नापास होशील म्हणून." हातातला टॉवेल तसाच धरून ती खाली बसली. "तू नापास झाला असतास, तर मला सांगावं लागलं नसतं. मला नकोय रे आता, डेल. पुन्हा त्या सुया, पुन्हा ते मोजत बसणं. मूल नकोय. कधीपासून नकोय. त्या दिवशी तिथल्या बाथरूममध्ये मी रडत होते."

खूप रडलो. दोघंही. आणि मग, ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, छातीवरचं ओझं उतरलं. तिच्यामुळे नाही. मलाही नको होतं. तिला हवंय असं समजून मी इतकी वर्षं हवं म्हणत होतो.

सोमवारी दवाखान्याला फोन करायचा, यादीतून नाव काढा म्हणून. ती म्हणाली, मी करते. म्हटलं, नको, दोघं मिळून करू.