पांढऱ्या मोज्यांवरच्या पिसवा

ता. ९, रविवार

ती. ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. हिचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्यावर कुरकुरते, तेव्हा हिशेब बरोबर. तुझी साखर किती आली ते कळव.

सोमवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो. देवापुढे हात जोडले, पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढले आणि दाजींनी लेकीसाठी राखलेल्या कोपऱ्यातल्या घरात सावकाश फिरलो. हसू नकोस. आरोग्य खात्यातल्या बाईंनी शिकवलेली रीत आहे ही. घरात पिसवा असल्या तर उबेला पायांवर चढतात आणि पांढऱ्यावर उठून दिसतात. दाजींच्या वसाहतीची देखभाल माझ्याकडे, म्हणून हे कामही माझ्याच गळ्यात.

दाजी दारात उभे होते. "काय नवरदेव, कुठं निघालात?" म्हणाले. मीही हसलो. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन खाली पाहिलं, तर पोटऱ्यांवर तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके. आणि ते ठिपके वर चालले होते.

मी अंगणात पळालो आणि ओकलो. मोजे तिथंच जाळले.

नंतर ओट्याखालची फळी काढली. आत उंदरीण मरून पडलेली, तिला चिकटून वाळलेली बिनकेसांची पिल्लं. तिच्या कानांच्या कडेला गोचिडांची रांग, भिजलेल्या मसुरीसारखी फुगलेली. तो वास अजून माझ्या मिशीत आहे असं वाटतं. चहाची पूड दिसली की डबा झाकून ठेवतो. प्रार्थनेला डोळे मिटले की पोटरीवर काहीतरी सरकतं. सगळे जीव त्यानेच घडवले हे गावच्या शाळेत शिकलो आणि अजून मानतो. पण किळस ऐकत नाही.

या जागेवर झुडपं होती तेव्हाही उंदीर होते. पण साप, मुंगूस, घुबडंही होती. आपण सगळं साफ केलं. खाणारे निघून गेले, उंदीर तेवढे राहिले, आणि त्यांना आपण वसाहतीचा उकिरडा वाढून ठेवला.

बाईंनी बजावलं होतं, आधी बिळांत पावडर टाकून पिसवा मारा, मग उंदीर. दाजींना घाई. "उंदीर मेला की पिसूही मेली. तिच्यासाठी काय वेगळी पंगत बसवायची?" म्हणाले आणि सगळीकडे विष पेरलं. पण उंदराचं अंग गार पडलं की पिसू उठते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते.

ते अंग गवंड्याच्या बायकोचं निघालं. ती त्याच घरामागच्या शेडमध्ये राहायची. अंगभर पुरळ, तापात बरळते, नवऱ्यालाही ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, उंदरांच्या पिसवांचा ताप.

हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं. शब्द फिरवत बसलो, कारण पुढचं लिहिताना जास्त किळस येते. हे सगळं मी दाजींना सांगितलं होतं. त्यांनी एक मेलेला उंदीर बुटाने बाजूला सारला आणि म्हणाले, "रंग मारून घे. पोरगी महिनाअखेरीस येतेय. मालकाचीच लेक राहतेय म्हटल्यावर बाकीची घरं हातोहात जातील."

"दाजी, ती पोटुशी आहे. ताप आला तर?"

"अभद्र बोलू नकोस. दवाखाना काय लांब आहे?"

उंदराला पिंजऱ्यात ओढायला भाकरीचा तुकडा टांगतात, ताई. ते मला आठवलं, आणि मी परत अंगणात गेलो.

रंगाचे डबे आणले, पण उघडले नाहीत. शुक्रवारी बाईंना बोलावलं, कुलूप माझ्या हाताने काढलं. त्यांनी घरांची ती सगळी रांग बंद केली. दाजींनी चारचौघांत मला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हटलं, तुमच्या दारात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. मी त्यांच्या टेबलावर चाव्या ठेवून आलो.

एक काम उरलं होतं. ते तुझं की माझं, यावर दोन दिवस देवापुढे बसलो. आज सकाळी तुझ्या लेकीला फोन केला, या घरात येऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, "मामा, बाबांना माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

तुझा भाऊ असं लिहायला आज हात धजत नाही, म्हणून

तिचा मामा