ब्रेकचं कोणाला माहीत होतं

शिरगाव, बदलापूर
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. भारतीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन हल्ली महेशराव उचलतात आणि मला विचारायचंय ते त्यांच्या कानावर नको. म्हणून आमची तेजल कॉलेजसाठी तिकडे येते तिच्या हाती हे देतेय. एकटी असशील तेव्हाच वाच.

रविवारी आमच्यावरचं मोठं संकट टळलं. महेशरावांनी पाहून दिलेली ती जुनी पांढरी गाडी काढून आम्ही चौघं चामटोलीला सासूबाईंच्या नणंदेकडे जेवायला गेलो होतो. जाताना हे इतकी सावकाश चालवत होते की सायकलवाले पुढे जातात म्हणून मी चिडवलं. येताना उतारावर यांनी ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. समोर दोन बाया डोक्यावर भारे घेऊन चाललेल्या. यांनी गिअर खाली आणत आणत हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या शेतात पेंढ्याच्या गंजीत घातली. बाया वाचल्या, आम्हीही. सासूबाईंचं मनगट मोडलं. तेजल आता रिक्षातही कडेला बसत नाही.

गाडी अंबरनाथला सोमा मेस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, ब्रेक ऑइलची नळी गंजून गळत होती, हे काही एका दिवसात झालेलं नाही, ज्याने गाडी दिली त्याला ठाऊक असणारच. हे म्हणतात, जाऊ दे, नात्यात कडवटपणा नको. मला जाऊ देता येत नाही. महेशरावांना ठाऊक होतं का, एवढंच सांग.

माझ्या प्रश्नावर रागाव, पण उत्तर दे.
तुझी,
रंजनाताई

*

कॅम्प १, उल्हासनगर
३० नोव्हेंबर

ती. रंजनाताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. सोमवारी दाजींनी फोनवर थोडं काही झालं एवढंच सांगितलं होतं.

ताई, हे गाड्यांच्या दुकानात दहा वर्षं आहेत. परक्यालाही फसवत नाहीत, तुला फसवतील? पण तुझ्यापासून लपवणार नाही. तुझं पत्र न दाखवता मी यांना फक्त ब्रेक फेल झाला होता असं सांगितलं. हे खाली बसले. आधी तेजलची चौकशी केली आणि मग म्हणाले, नळी बदलली नव्हती का. नळीचं नाव मी काढलंच नव्हतं. विचारलं तर हे विषय बदलतात.

तुझ्या सासूबाईंच्या हाताला जपा. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी,
भारती

*

शिरगाव
३ डिसेंबर

चि. भारतीस आशीर्वाद.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाईंनी महेशरावांना नको नको ते ऐकवलं. हे अर्ध्या ताटावरून उठून गेले. एवढा मनाला लावून घेणारा माणूस आहे.

रविवारी तेजलचा वाढदिवस. तू ये. त्यांना आणू नकोस. माझ्या उंबऱ्यात ते मला दिसायला नकोत.

तुझ्यावर राग नाही.
ताई

*

कॅम्प १
५ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

बसून वाच. काल हे आंघोळीला गेले असताना मी यांचा फोन उघडला. लाज वाटली, तरी उघडला. २१ तारखेचा यांचा आवाजातला मेसेज आहे, दाजींना पाठवलेला. त्यात म्हटलंय की ब्रेकची नळी खराब आहे, बदलल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढू नका. खाली दाजींचं उत्तर आहे: रविवारनंतर करतो, रंजनाला सांगू नका, ती गाडीत बसणार नाही.

हे बाहेर आले तेव्हा फोन माझ्या हातातच होता. चिडले नाहीत. म्हणाले, तू ब्रेकचं सांगितल्यावर मी दाजींना फोन केला, तेव्हा त्यांनी विनवलं की मी स्वतः रंजनाला सांगतो, तोवर गप्प राहा. यांनी शब्द दिला. तुमच्या घरात आग नको म्हणून हे शिव्या खात राहिले आणि मीही यांच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहिलं.

काय करायचं ते तू ठरव. मी तुझीच आहे.
भारती

*

शिरगाव
६ डिसेंबर

चि. भारतीस आणि महेशरावांस,

मी तुझं पत्र सासूबाई आणि तेजलसमोर मोठ्याने वाचलं. यांनी नाकारलं नाही. सांगितलं, आईला तिच्या नणंदेकडे न्यायचा शब्द दिला होता, इथला मेस्त्री दोन दिवस मागत होता, हळू चालवली तर निभेल असं वाटलं. ही चूक मी एक वेळ पोटात घालीन. पण नंतरचे दिवस मी महेशरावांना बोलत होते आणि हे समोर बसून चहा पीत होते. जाऊ दे म्हणत होते ते नात्यासाठी नव्हे. तेजलने एवढंच विचारलं की त्या दिवशी तिला पुढे का बसवलं होतं. सासूबाईंनी हाताची झोळी यांच्याकडून बांधून घेतली नाही, मला हाक मारली.

महेशराव, मी तुम्हाला जे बोलले ते परत घेता येत नाही. रविवारी दोघं या. जेवण तुमच्या पानापासून वाढायला सुरुवात करीन. खाली यांना लिहायला लावलंय.

महेशराव, तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही आणि नंतर दोष तुमच्यावर येऊ दिला. रविवारी सगळ्यांसमोर बोलेन. संतोष.

भारती, हे लिहीत होते तेव्हा मी शेजारी उभी राहून शब्द न् शब्द वाचला. आज सकाळी दूध आणलं म्हणाले, तर मी उठून पातेलं बघून आले. दूध होतं. तरी उद्याही मी बघेन.

येताना हसत ये.
ताई