खिंडीतलं सरण

९ नोव्हेंबर
आरंभ तक्रारीनेच करतो. पनधूरा गावात चहाबरोबर चावायला जो गुळाचा खडा मिळतो, तो प्रत्यक्ष दिसत नाही. न्यायशास्त्राच्या आधारे त्याचं अनुमान करावं लागतं. एरवी सुख आहे. इथल्या प्रेक्षणीय स्थळांवर लिहायला वर्तमानपत्राने अल्मोड्याहून धाडलं आहे. माडीवरची खोली हंसा आमांची, म्हणजे घरमालकीण आजींची. खाली त्या आणि त्यांची नवी सून देबुली, जी रोज रानातून मोळी आणते. खिडकीत नंदादेवीचं शिखर, ताटात नाचणीची भाकरी. आणखी काय हवं? गूळ.

११ नोव्हेंबर
खिडकीतून दिसते त्या खिंडीवर जाऊन आलो. तिथे काटक्यापानांचा ढीग आहे. पूर्वी एक बाई मोळीसकट कड्यावरून कोसळली, तिला सरण मिळालं नाही. म्हणून येणारा-जाणारा तिच्या नावाने एक काटकी ठेवतो. असले ढीग आमच्या पहाडात जागोजागी. मीही लहानपणापासून ठेवत आलोय. आज मात्र शिखर ढगात, बोटं गारठलेली, छायाचित्र बाकी. चार काटक्या घेऊन शेकोटी केली. मग आणखी चार. छायाचित्र उत्तम आलं. ढीग उरला नाही.

१३ नोव्हेंबर
चहाच्या दुकानात दुकानदार दीवानदांनी माझे हात पाहिले. “काय पंडितज्यू, मंत्रांनी ऊब येत नाही वाटतं? काजळी लागलीय!” (‘जी’चं आमच्याकडे ‘ज्यू’ होतं.) शाई आहे, म्हटलं. सगळे हसले, मीही हसलो. खोलीवर आलो तर अंथरुणात एक ओली काटकी.

१४ नोव्हेंबर
खिंडीत राख सापडली. त्या वाटेने लाकडं आणते देबुली, तेव्हा आळ तिच्यावर. आमांचा आवाज माडीपर्यंत येत होता: “चुलीत घालायला त्या मेलेलीचं सरणच दिसलं का गं तुला?” पोर रडून शपथा घेत होती. मी जिना उतरलो. सांगणारच होतो. आमांनी वळून पाहिलं, आणि मी गूळ मागितला.

१६ नोव्हेंबर
काटक्या रोज. आज उशापासून पायथ्यापर्यंत, नीट रचलेल्या. शेगडीत घातल्या, पेटत नाहीत. पांघरुणाला ओल्या लाकडाचा वास.

१७ नोव्हेंबर
दीवानदा सांगत होते, ज्याने सरण नेलं त्यानेच मोळी परत ठेवायची, एकट्याने, दिवस कलताना. भलतंच कुणी गेलं तर ती मेलेली त्यालाच ठेवून घेते. उद्या देबुली जाणार. हे सगळं ऐकलं, घरी आलो, आणि — जेवलो.

१८ नोव्हेंबर
देबुली निघाली. खिडकीतून दिसतेय. धुकं. पाठीवर मोळी. तिच्यामागे — आणखी एक मोळी. त्या मोळीखाली पाय नाहीत —

हाक मारली तर तिला ऐकू जाईल. हाक मारली तर सगळ्यांना ऐकू जाईल.

अंगणातून आमा: “पंडितज्यू, वरून दिसते का हो आमची पोर? बरी आहे ना?”

बरी आहे, म्हणालो.

आता एकच मोळी. परत वळलेली. खाली येतेय — पाय नाहीत —

मला त्या मेलेलीची भीती नाही. भीती कशाची ते साधंच लिहून ठेवतो. आमा जिना चढतायत. त्या पुन्हा विचारतील, आणि मी पुन्हा म्हणेन, बरी —