नववीचा तिसरा तास

धर्मापुरी,
९ डिसेंबर २०२५

चि. योगितास, उज्ज्वलाआत्याचे आशीर्वाद.

आज मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तुझ्या हायस्कूलच्या खिडकीतून जे पाहिलं ते मी शिक्षिकेच्या साऱ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. नववीचा वर्ग रिकामा. पोरं दिवाळीनंतरच आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. आणि तू बी.एड.चा सराव पाठ घेत होतीस! प्रश्न विचारलास, थांबलीस, शाबास म्हणालीस, कुणाला तरी खाली बसवलंस. मागच्या बाकावर बसून पाठ तपासायचा तर बंकट सर ऑफिसात शेंगा फोडत बसलेले. विचारलं तर म्हणाले, पोरं असोत नसोत, मॅडम, सही मिळतेच. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी असल्या माणसाला कोपऱ्यात उभं केलं असतं, शेंगांसकट.

ही फसवणूक तुला शोभते का? तिकडे रेंज नाही, पेन तरी असेल. नाथा कंडक्टरच्या हाती उत्तर पाठव.

रागावलेली, तरी तुझीच,
आत्या

टाकळवाडी,
११ डिसेंबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

फसवणूक नाही, आत्या. वर्ग भरलेला होता.

सुरुवातीला मीही बाकांनाच शिकवत होते. लाज वाटायची. मग एक दिवस वर्गात उसाच्या पाचटाचा वास आला आणि प्रश्नाला उत्तर आलं. आता रोज तिसऱ्या तासाला सगळी येतात. हात वर केले की हातांवरचे पाचटाचे ओरखडे दिसतात. तुमच्या ओळखीच्या भामाबाईची भिवरा पहिल्या बाकावर असते. तुम्ही खिडकीत आलात तेव्हा सगळी उठून उभी राहिली. तुम्ही बघितलंही नाहीत. भिवरा मला म्हणाली, बाई, त्या आजी लई रागीट हायेत, नमस्तेबी घेतला न्हाई.

माझे पाठ २० तारखेला, शनिवारी संपतात. मग घरी येईन. राग ओसरला तरी लोभ ओसरू देऊ नका.

तुमची,
योगिता

धर्मापुरी,
१६ डिसेंबर २०२५

चि. योगितास आशीर्वाद.

तुझं डोकं फिरलं असं समजून मी काल भामाबाईला फोन लावला. ती सांगलीकडच्या फडात आहे. मी काही विचारायच्या आतच ती रडायला लागली. म्हणाली, बाई, पोरीला काय झालंय कळंना. रोज दुपारच्या आधी कोयता टाकती, हात वर करती, धड्यातलं बोलत ऱ्हाती. आमच्या टोळीतली समदीच पोरं तशी. मुकादम शिव्या देतो, तरी हालत न्हाईत.

परवा रविवारी शाळेला सुट्टी होती. तर, ती म्हणाली, पोरं फडात हात वर करून तशीच उभी. सांज झाली, रात्र झाली, पाणीसुद्धा घेतलं नाही. काल सोमवारी तुझा तास झाला, तेव्हा कुठे हात खाली आले.

म्हणून आज मी तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. मला कुणी दिसलं नाही. पण बसताना शेजारी कुणीतरी सरकून जागा दिली. बाक गरम होता.

पोरं होळीशिवाय परत येत नाहीत. शनिवारी तू सही घेऊन निघालीस, तर हात वर करून ती किती दिवस उभी राहतील, याचा विचार केलास? बंकट सरांनाही हेच विचारून आले. त्यांनी शेंगा खाली ठेवल्या.

भिवराला सांग, नमस्ते घेतला.

आणि शुक्रवारी, १९ तारखेला, संध्याकाळच्या नाथाच्या गाडीने मला लेखी कळव: सोमवारी तिसऱ्या तासाला वर्गावर कोण जाणार, तू की मी?

तुझी,
आत्या